बेनेसोचा फोन कुणी घेईना

तिसऱ्यांदाही तेच झालं. दोन रिंगा गेल्या आणि पलीकडून फोन कापला.

सिआवने रिसिव्हर खात्याच्या राखाडी पेटीवरच्या दोन रबरी वाट्यांमधून काढला, कानाला लावून बघितला आणि पुन्हा वाट्यांत दाबून बसवला. जसा काही बसवण्यातच त्याचा दोष होता.

"पुरे आता," मी म्हणाले. "तीनदा झालं."

"लाइन खराब असेल, अक्का."

"लाइन काचेसारखी आहे, वोफा," फिलोमेना बोर्डामागून म्हणाली. आमच्या बेनेसोचं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे पोस्टातला तो लाकडी बोर्ड, त्याच्या वीस दोऱ्या आणि ही पोरगी. माझ्या मुलांचं ऐकून तीही सिआवला वोफा, म्हणजे मामा म्हणते. "अक्रापर्यंत रिंग जातेय. मी तर रिंग वाजत असतानाच सांगितलं, नमस्कार, बेनेसोहून मिस्टर सिआव बोलतील, कृपा करून घ्या."

"अगं, तिकडे यंत्र बसलंय," सिआव म्हणाला. "त्याला काय कळतंय?"

"न कळेना. नमस्कार केल्याने कुणाचं बिघडतं?"

"त्याचं बिघडलं बहुतेक," मी म्हणाले. "तुझा आवाज ऐकूनच आपटत असेल."

फिलोमेना हसली. सिआव हसला नाही. पोस्टाच्या भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. गेल्या एकतीस वर्षांत सात वाजून दहा मिनिटांनी त्याचं काम झालं नाही असा हा पहिला गुरुवार होता. मी माझी केंकीची, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांची, टोपली उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसले, कारण गिऱ्हाईक थांबत नाही. पण माझं लक्ष आत होतं. तो चौथ्यांदा रिसिव्हर दाबत होता.

सिआव माझा धाकटा भाऊ. मधली दोघं गेली, राहिलो आम्ही दोघंच. त्याचं काम सांगितलं की लोकांना हसू येतं. पुलाच्या अलीकडे असुबिरी नदीत एक लोखंडी खांब आहे, खांबावर पांढरी पट्टी, पट्टीवर काळे आकडे. रोज सकाळी सहाला काठावर उतरायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं, वहीत लिहायचं आणि सातला पोस्टात येऊन राजधानीत, अक्रातल्या पाणी खात्याला कळवायचं. झालं. "लोक मासे धरतात, माझा भाऊ पाणी धरतो," असं मी भर बाजारात म्हणायचे, आणि तोही ऐकून मान हलवायचा. पण आमच्या खाली समुद्रापर्यंत नदीकाठी सात गावं आहेत. मी तरुण असताना एका पावसात त्यातल्या एका गावाचा बाजार रातोरात वाहून गेला होता, म्हणून तर खात्याने तो खांब रोवला. सिआवचा आकडा गेला की अक्रावाले त्या सात गावांना सांगायचे, आज राहा, नाहीतर उठा.

एकतीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. ताप भरला तेव्हा माझ्या दोन थोरल्या मुलांनी त्याला खुर्चीसकट नदीवर नेलं. बायको सोडून गेली, त्या सकाळीही तो सहाला खांबासमोर. आमची आई गेली तेव्हा पहाटे तिला आंघोळ घालायची होती, घरात साठ माणसं, आणि घरातला एकुलता मुलगा कुठे? नदीवर. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी मीच वाटीत सूप घेऊन गेले. तो म्हणाला, "अक्का, खंड पडला असता." जसं काही आई जाणं हा खंड नव्हता!

बुधवारची तऱ्हा तर आणखी वेगळी. बुधवार हा असुबिरीचा स्वतःचा दिवस. त्या दिवशी नदी आपल्या घरात बसते. कुणी पाण्याला शिवत नाही, होडी घालत नाही, धुणं नेत नाही. खात्याला बुधवार काय आणि शनिवार काय. म्हणून सिआव बुधवारी पुलावर उभा राहून दुर्बिणीतून आकडा वाचायचा. खात्यातला कुणी गोरा साहेब निवृत्त होताना त्याला ती दुर्बीण देऊन गेला होता. नदीचाही मान राहिला, खात्याचंही काम झालं. असं डोकं शाळेत शिकवत नाहीत. मी तीन यत्ता शिकले, मला माहीत आहे तिथे काय शिकवतात ते.

पूर्वी तो आकडा कार्डावर लिहून टपालात टाकायचा, आणि नदी फुगली तर फोनवरून तोंडी सांगायचा. चार वर्षांपूर्वी खात्याने ती राखाडी पेटी दिली. फिलोमेनाने अक्राचा नंबर लावून द्यायचा, रिसिव्हर पेटीच्या वाट्यांत बसवायचा, पेटीवरची बटणं दाबून आकडा भरायचा. तिकडे एक कॉम्प्युटर फोन उचलायचा, दोघं एकमेकांवर मांजरांसारखे किंचाळायचे, आणि आकडा पोचला की पेटीवर हिरवा दिवा लागायचा. त्या दिव्यासाठी माझा साठीचा भाऊ रोज धुतलेला सदरा घालून यायचा.

तर त्या गुरुवारपासून हिरवा दिवा लागेना. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. सिआवने वाट्यांचं रबर साबणाने धुतलं. पेटी उन्हात ठेवली. मग जुन्या पद्धतीने कार्डं लिहून पाठवायला लागला, उत्तर नाही. तोंडी सांगावं म्हणून खात्याच्या ऑफिसात फोन लावला, तर तिथल्या बाईने "आकडे फक्त मशीनवर" म्हणून ठेवून दिला. तो जेवेना. फुफूचा, कुटलेल्या कंदाचा, गोळा बोटांनी नुसता फिरवत बसायचा.

नवव्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या अंगणात आला आणि स्टूल ओढून माझ्या अगदी जवळ बसला.

"अक्का, माझ्याकडून पाप झालंय."

"कुठली बाई?"

"चेष्टा नको गं. गेल्याच्या गेल्या बुधवारी धुकं होतं. पुलावरून काही म्हणता काही दिसेना. सहा वाजले, साडेसहा वाजले. मग मी..."

"मग तू काय?"

"खाली उतरलो. गुडघाभर पाण्यात गेलो आणि हात लावून आकडा बघितला. बुधवारी." त्याचा आवाज खाली गेला. "दुसऱ्याच दिवशी फोन बंद झाला. तिने बंद केला, अक्का. तिचा आकडा मी तिला न विचारता घेतला, आता ती तो कुणाला देऊ देत नाहीये."

जन्मात मी त्याची प्रत्येक गोष्ट उडवून लावली. त्या संध्याकाळी नाही. कारण मलाही ते पटलं. हो, पटलं. दिवस बरोबर जुळत होते. बुधवारी शिवला, गुरुवारी दार बंद.

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीच्या पुजाऱ्याकडे गेलो. दारूची बाटली, बारा अंडी, लाल तेलात कुस्करलेला कंद. माझा भाऊ, ज्याने एकतीस वर्षं त्या नदीची आईपेक्षा जास्त चाकरी केली, तो कमरेपर्यंत उघडा होऊन काठावर ओणवा झाला आणि माफी मागत राहिला. त्या आठवड्यात तीनदा त्याने ते केलं. अंडी पाण्यात गेली, कंद माशांनी खाल्ला, पुजाऱ्याने बाटली घरी नेली. सकाळी सातला पोस्टात पुन्हा दोन रिंगा आणि कट.

"आणखी काहीतरी मागतेय ती," सिआव म्हणाला. "मेंढा असेल."

मेंढ्याचं बघत होतो तेवढ्यात खात्याचं पत्र आलं. इंग्रजी होतं. फिलोमेनाने कानावरचे हेडफोनचे डबे उतरवून वाचून दाखवलं. बेनेसो केंद्राकडून चौदा दिवस कोणतीही माहिती आलेली नाही. सबब केंद्र बंद पडल्याचे समजण्यात येत आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून यादीतून नाव कमी होईल. खात्याची पेटी परत करावी.

"बंद पडल्याचे?" मी म्हणाले. "कोण बंद पडलं? हा काय समोर उभा आहे! सदरा बघा त्याचा, इस्त्री आहे त्याला!"

"त्यांचं बरोबर आहे, अक्का," सिआव म्हणाला. "खंड पडला." आणि तो पोस्टाच्या बाकावर बसला. माझ्या टोपलीतली केंकी त्या दिवशी कुणी घेतली, कुणी नाही घेतली, मला काही आठवत नाही.

मी अक्राला जाते म्हटल्यावर त्याने नाही म्हणून बघितलं. "त्यांचा फोन लागत नाही, ते स्वतः कुठे लागणार?" पण मी आमच्या घराण्यातली थोरली. आमच्या घरात लग्न असो, मयत असो, जमिनीचं भांडण असो, मी बसल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. खात्याच्या साहेबासमोर मी बसणार नाही होय? सिआवने सगळ्या दिवसांचे आकडे एका कोऱ्या कागदावर पुन्हा उतरवून दिले. वही दिली नाही. उद्याचा आकडा लिहायचा होता.

मी निळं कापड नेसले, जे मी वरपक्षाशी बोलायला जाताना नेसते. सहा तास बस. मांडीवर कुणाचं तरी पोर झोपलेलं, पायाशी कुणाच्या तरी कोंबड्या.

खात्याच्या दारावरच शिपायाने अडवलं. "नाव? कुठून आलात? कुणाकडे? काम काय? ओळखपत्र?"

"तुझ्या आईने तुला कुठे ठेवून दिलं होतं रे, सुतारखान्यात?" मी म्हणाले. "दारात म्हातारी बाई उभी आहे. आधी बस म्हणतात. मग पाणी देतात. ते प्याल्यावर विचारतात, कसं येणं केलंत. माझ्या दारात माझा वैरी आला तरी मी याच क्रमाने जाते."

"एनो, इथे नियम आहे..." एनो, म्हणजे आई, एवढं तरी त्याने म्हटलं.

"मग मी इथेच पायरीवर बसते. नियमाला म्हणावं माझ्या अंगावरून जा."

बसले. अर्ध्या तासात येणारे-जाणारे लोक विचारायला लागले तेव्हा एक बाई खाली आली. मिसेस लॅम्प्टी. चाळिशीची, गळ्यात साखळीला चष्मा, बोटांना शाई. तिने काही विचारलं नाही. हाताला धरून वर नेलं, खुर्ची दिली, पेला भरून पाणी दिलं. मी ते पूर्ण प्याले आणि मग सांगितलं, मी एनो दुफी, बेनेसोच्या सिआवची बहीण.

"असुबिरीचे मिस्टर सिआव?" ती म्हणाली. "अहो, त्यांचं अक्षर मी ओळखते. कार्डं यायची तेव्हा मीच रजिस्टरमध्ये उतरवून घ्यायची. बारा वर्षं."

"मग आता कार्डं कुठे जातात?"

ती चष्मा डोळ्यांवर चढवून उठली. मला इंजिनिअरकडे घेऊन गेली.

इंजिनिअर क्वेसन. कोवळा, गळ्यात टाय, टेबलावर कॉम्प्युटर. मला बघून उठून उभा राहिला, एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन. मी सगळं सांगितलं. त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"हं, सापडलं! एनो, तुमच्या भावाची काही चूक नाही. तुमचा फोन येतोय. रोज येतोय. आमचा कॉम्प्युटरच तो नाकारतोय."

"का?"

"बघा, फोन येतो ना, तेव्हा उचलायच्या आधी करणाऱ्याचा नंबर इथे येतो. त्यावरून आम्हाला कळतं कोण आहे ते. शहरातल्या काही टवाळ पोरांनी आमची लाइन शोधून काढली होती. रात्रंदिवस फोन करून लाइन अडवायची. एकदा तर एका ओढ्यात चौदा मीटर पाणी म्हणून खोटा आकडा भरला, मोठ्या साहेबांची झोप उडाली. म्हणून वरून हुकूम आला. ज्याचा नंबर दिसत नाही त्याचा फोन घ्यायचा नाही. नवीन एक्स्चेंजमधून नंबर आपोआप येतो. तुमच्याकडे अजून दोऱ्यांचा बोर्ड आहे. त्यातून नंबर येतच नाही."

"आमच्याकडे फिलोमेना आहे. ती रोज नाव सांगते."

"कॉम्प्युटरला तिचं ऐकू येत नाही, एनो."

"हे कधी केलंत?"

त्याने पुन्हा बघितलं. "सात तारखेला. बुधवारी संध्याकाळी."

बुधवारी. माझे कान गरम झाले.

"किती वेळ लागला करायला?"

"काय?"

"जे केलंत ते."

"काही नाही हो, इथे एका चौकोनात खूण करायची असते. हे बघा." त्याने मला बोटाने पडद्यावर दाखवलं. नखाएवढा चौकोन. "एक मिनिटसुद्धा नाही."

"पोरा," मी म्हणाले, "तू एक मिनिट हे केलंस, आणि माझा भाऊ आठवडाभर कमरेपर्यंत उघडा होऊन नदीची माफी मागतोय. बारा अंडी घातली. मेंढा ठरत होता. त्याला वाटलं त्याने पाप केलं. मलासुद्धा वाटलं! साठ वर्षांचा माणूस जेवत नाही, का? तर तुझ्या त्या चौकोनात खूण आहे!"

क्वेसनच्या ओठाचा कोपरा हलला. हसू आलं असावं, त्याने दाबलं. मिसेस लॅम्प्टी खाली बघत होती.

"एनो, मला फार वाईट वाटतं. पण नदीचा आणि आमच्या कॉम्प्युटरचा काही संबंध नाही हो."

"मग हे खातं कसलं आहे?"

त्याने टाय सैल केला. मी थांबले नाही.

"अशी गावं किती? दोऱ्यांच्या बोर्डाची?"

"अकरा."

"अकरा. म्हणजे अकरा माणसं आपापल्या नदीच्या पाया पडत असतील आत्ता. त्यांना एक कार्ड टाकावंसं नाही वाटलं? बाबांनो, आम्ही दार लावून घेतलंय, तुम्ही ठोठावू नका?"

"आम्हाला वाटलं केंद्रं बंद पडली. फोन येईनात म्हणून..."

"येत होते! आत्ता तूच म्हणालास रोज येतोय! तू घेत नाहीस आणि वर लिहितोस की येत नाही!"

बाजूच्या खोल्यांतून माणसं दाराशी आली. येऊ देत. मी बाजारात चाळीस वर्षं बसले आहे, माझा आवाज पत्र्यावरून जातो.

"ती खूण पुसून टाक."

"माझ्या हातात नाही. वरचा हुकूम आहे."

"करायला तुझा हात चालला, पुसायला वरचा लागतो?"

तो घामेजला. वाईट नव्हता, हे मी आता म्हणू शकते. तेव्हा म्हणाले नसते. त्याने एका साहेबाला फोन केला, दुसऱ्याला केला. उठून गेला, परत आला. नियम सगळ्यांना सारखा. दोन-तीन वर्षांत बेनेसोला नवीन एक्स्चेंज येईल, तेव्हा केंद्र पुन्हा सुरू करण्याचा विचार होईल. मी सिआवचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि माझ्याकडे परत सरकवला. "हे मला भरता येत नाहीत. लाइनवरून आलेलेच चालतात."

परत निघताना मिसेस लॅम्प्टीने मला तिच्या टेबलाशी थांबवलं. कपाटातून जाड रजिस्टर काढलं. बेनेसोचं पान. वरपासून खालपर्यंत आकडेच आकडे, आणि शेवटी सतरा आडव्या रेघा. माझा भाऊ म्हणजे त्या रेघा. तिने माझ्या हातून कागद घेतला आणि एकेका रेघेच्या वर आकडा लिहायला लागली. पेन्सिलीने.

"पेनाने लिही की."

"पेनाने लिहायचा मला अधिकार नाही, एनो." ती लिहीत राहिली. "पेन्सिल कुणी बघत नाही."

तिच्या बोटांची शाई पेन्सिलीला लागत होती. मी तिचे आभार मानले नाहीत. शेवटच्या रेघेपर्यंत तिथेच उभी राहिले.

घरी पोचले तेव्हा सिआव अंगणात वाट बघत होता. मी त्याला बसमध्ये शंभर वेळा जुळवलेलं सगळं एका दमात सांगितलं. चौकोन, खूण, नंबर, टवाळ पोरं. केंद्र जाणार तेही सांगितलं. माझ्याने खोटं बोलवत नाही. मला वाटलं आता तरी हा चिडेल. जन्मात एकदा तरी काहीतरी फेकेल, आपटेल. मी मुद्दाम मातीचं भांडं त्याच्या हाताशी ठेवलं होतं.

"म्हणजे ती रागावली नव्हती?" तो म्हणाला.

"कोण?"

"नदी."

"नदीला काय पडलंय! त्या लोकांनी..."

पण तो ऐकत नव्हता. त्याने डोळे पुसले, सूप मागितलं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवला. मी समोर बसून त्याच्यावर चिडत राहिले. कुणीतरी चिडायला हवं ना!

एक तारखेला तो पेटी कागदात गुंडाळून पार्सल करून आला. दोन तारखेला सकाळी सहाला नदीवर गेला. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. सातला पोस्टाच्या पायरीवर येऊन माझ्याशेजारी बसायचा, एक केंकी आणि मासा खायचा, वही मांडीवर. आतल्या फोनकडे बघायचा नाही. महिन्यामागून महिने असेच गेले. लोकांनी त्याला विचारून बघितलं, आता कशाला जाता? "सवय," म्हणायचा.

जूनमध्ये वरच्या डोंगरात पाच दिवस पाऊस कोसळला. आमच्याकडे सहाव्या दिवशी. बाजार भरलाच नव्हता, मी पोस्टाच्या वळचणीला टोपली घेऊन बसले होते, सिआव शेजारी, नुकताच दुसऱ्यांदा नदीवर जाऊन ओला होऊन आलेला. तेवढ्यात फिलोमेना दारात आली.

"एनो, अक्राहून ट्रंक कॉल आहे. पाणी किती म्हणून विचारतायत. नाव सांगत नाहीत."

सिआव उठायच्या आत मी उठले. रिसिव्हर मीच घेतला.

"हॅलो! बेनेसो? लवकर सांगा, नदीचं पाणी किती आहे?" पुरुषाचा आवाज, घाई झालेला. मागे आणखी माणसं बोलत होती.

"कोण बोलतंय?"

"बाई, वेळ नाहीये, लेव्हल सांगा लेव्हल!"

"नाव काय तुमचं? कुठलं खातं? कुणी सांगितलं फोन करायला?"

"अहो, खाली गावं आहेत..."

"ते आता आठवलं होय! बेनेसो केंद्र बंद आहे. तुमच्या यादीत बघा. बंद पडलेल्या केंद्रात कोण आकडा सांगणार? नाव सांगा आधी, नाहीतर ठेवते मी फोन!" खरंच ठेवणार होते. हात खाली आलासुद्धा होता. आठ महिने मी या एका फोनची वाट बघत होते.

मागून सिआवने माझं मनगट धरलं. जोराने नाही, त्याला जोराने धरताच येत नाही. त्याने माझ्या बोटांतून रिसिव्हर सोडवून घेतला.

"चार मीटर बासष्ट," तो म्हणाला. "सहाला चार एक्केचाळीस होतं. चढतंय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, स्वतः बघितलं. आता परत बघून येतो. अर्ध्या तासाने फोन करा, मी इथे असेन."

त्याने रिसिव्हर फिलोमेनाकडे दिला आणि वही उचलली.

"कोण होता, ते तरी विचारायचंस," मी म्हणाले.

"पाण्याबद्दल विचारत होता, अक्का."

पोस्टाच्या मागे अळूचं रान माजलं आहे. त्याने त्यातलं सगळ्यात मोठं पान देठासकट तोडलं, वही त्यात नीट गुंडाळली आणि छातीशी धरली. मग उघड्या डोक्याने, पावसात, नदीकडे चालू लागला.